समुद्राकाठची गोडी विहीर

पहाटे तीनला अकोला सोडलं. मे महिन्यात आमच्याकडे लांबच्या प्रवासाला दुसरी वेळच नाही. सकाळी नऊ वाजले की दारं-खिडक्या लावून कूलरपुढे बसायचं, ते सहा वाजेपर्यंत. २६ मे २०२० ला अकोल्याचा पारा ४७.४ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये तर जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. असल्या उन्हातून निघून समुद्राकडे जायचं आम्ही पाच मित्र कॉलेजपासून म्हणत आलो होतो. आता सगळे पन्नाशीच्या पुढे.

आमच्यात एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची रीत आहे, हॉस्टेलपासूनची. दर्यापूर, परतवाडा, वरूड, मूर्तिजापूर आणि मी चोहोट्टा. अमरावतीकडचे तिघं आदल्या रात्री मुक्कामाला आले. लोणीपासून मानापर्यंतचा रस्ता आता असा आहे की पोटातलं पाणी हलत नाही. जून २०२२ मध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला होता आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ते काम चालू असताना मूर्तिजापूर रोज संध्याकाळी बघायला जायचा. रस्त्याबद्दल तो घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो.

*

पातूरचा घाट, मेडशी, मालेगाव, मग समृद्धी. मेहकर मागे पडलं तेव्हा उजाडलं. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वऱ्हाडाच्या अंगावरून जातो. त्यानं समुद्र आमच्या जवळ आणला हे खरं आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत समुद्र पाहिलेला माणूस गावात बोटावर मोजण्याइतका. कापूस मात्र आमच्या आधी पोचला. १८६७ ला लोहमार्ग नागपूरपर्यंत गेला आणि अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारातल्या गाठी मुंबईच्या बंदरावरून विलायतेला जायला लागल्या. ज्यानं तो पिकवला त्याला बंदर कसं असतं ते ठाऊक नव्हतं.

*

गाडीत दर्यापूर आणि वरूडचा वाद. वाद पाण्याचा, आणि तो खरोखर सांगण्यासारखा आहे.

दर्यापूरचं म्हणणं, "आपलं पानी अरबी समुद्रातच जाते ना बे. मंग आपन पावन्यासारखं कायले जाचं? घरचाच समुद्र हाय तो."

पूर्णा पश्चिमेला वाहते, चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. अकोल्याची मोर्णा, अमरावतीजवळची पेढी, या सगळ्या पूर्णेच्याच पोटात जातात. पण वरूड, मोर्शी वर्धेच्या अंगाला. वर्धा पुढं प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे एकाच अमरावती जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. वरूड म्हणाला, "माह्या वावरातलं पानी तिकडं राजमहेंद्रीले जाते. म्या इथं पावनाच."

दर्यापूरच्या नावातच दर्या आहे. हे नाव इमादशाहीतल्या दर्या इमादशाहावरून आलं असं सांगतात. आणि सागर तर आमच्याकडे दोन आहेत. तेल्हारा तालुक्यात वान धरणाचा हनुमान सागर, आणि मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर. तेरा दरवाज्यांचा. पावसाळ्यात ते उघडले की अमरावतीतली अर्धी तरुण मंडळी तिकडे असते. पाणी साठलेलं दिसलं की त्याला सागर म्हणायचं, ही तहानलेल्या मुलखाची भाषा आहे.

*

संभाजीनगर, नगर, पुणे. पुण्यानंतर मुळशीवरून ताम्हिणी. घाट उतरून माणगावला आलो तेव्हा हवा बदलली. ऊन आमच्यापेक्षा पुष्कळ कमी, पण घाम अंगावरून जाईना. आमच्या उन्हात घाम दिसत नाही, निघाला की वाळतो. परतवाड्याचा शर्ट भिजून पाठीला चिकटला आणि तो घाबरला, की तब्येत बिघडली. म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, मधे चिऱ्याचे गडगे, आत ओल, सावली. सुरूच्या बनातून पुढे गेलो आणि समोर पाणी.

कोणीच काही बोललं नाही. मूर्तिजापूर चपला हातात घेऊन उभा. मग पुढे झाला, ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकला नाही. माझ्याकडं पाहून म्हणाला, "चोहोट्टा, तुमच्या विहिरीचं हाय हे."

*

तुमच्या विहिरीचं. हे त्यानं सहज म्हटलं, पण मला रात्रभर पुरलं.

माझं गाव अकोट रस्त्यावर, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी बागा आणि पाणी. तिथून खाली दहा-वीस किलोमीटर आलात की विहिरीचं पाणी खारं. ज्यानं हे भोगलं नाही त्याला सांगून कळत नाही. डाळ शिजत नाही. चहाला चव येत नाही. साबणाला फेस येत नाही, केस ताठ होतात. कूलरच्या गवतावर महिन्याभरात पांढरं पुट चढतं आणि टिकल्या निघतात. पाहुणा आला की माझी आई त्याच्यासाठी वेगळ्या माठातलं पाणी काढायची. तो माठ दोन कोसांवरून बैलगाडीनं आणलेल्या टाकीतून भरलेला असायचा. आम्हा पोरांना त्या माठाला हात लावायची मनाई होती.

आणि शेती? विहिरीत पाणी आहे, पण ते पिकाला द्यायचं नाही. दिलं तर काळी जमीन घट्ट होते, वर खार फुटतो, पुढच्या साली ढेकूळ फुटत नाही. हातभर खाली पाणी असून कोरडवाहू. कापूस, मूग, ज्वारी, हरभरा, जे काही यायचं ते आभाळाच्या भरवशावर.

म्हातारी माणसं सांगायची, इथं कधीकाळी समुद्र होता म्हणून. पाणी खारं व्हायला समुद्र लागत नाही. पूर्णेचं खोरं म्हणजे सातपुड्याखालची खोल खचलेली पन्हळ आहे, ती नदीनं आणलेल्या चिकण गाळानं भरली. उतार नाही, निचरा नाही. पाणी जमिनीत बसून राहतं, ऊन त्यातलं पाणी तेवढं उचलून नेतं आणि क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षं चाललं. ४७ अंशांचं ऊन नुसतं माणसाला भाजत नाही, खालची विहीरही आटवून खारी करतं.

आता वानच्या पाण्यावर ८४ खेडी योजना आहे, नळ आले. नळाला पाणी किती दिवसांआड येतं हे ज्याच्या त्याच्या गावावर. मूत्रपिंडाच्या आजाराची माणसं आमच्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्याबद्दल मी इथे लिहू लागलो तर वही पुरणार नाही.

*

दिवेआगरला उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी जेवायला वाढलं. आमटी, भात, सोलकढी, उकडीचा मोदक. परतवाडा आणि मी शाकाहारी, बाकीच्यांसाठी सुरमई. मी आमटी खाल्ली आणि थांबलो. डाळ लोण्यासारखी शिजलेली. विचारलं, "पाणी कुठलं हो काकू?"

"परसातल्या विहिरीचं."

समुद्र तिथून ऐकू येत होता. फार तर तीनशे पावलं. मी उठून मागे गेलो. चिऱ्यानं बांधलेली विहीर, वर पंपाचा नळ, शेजारी जुन्या रहाटाचे दगडी खांब नुसते उभे. पाणी आठ-दहा हातांवर. पोहरा सोडला, काढलं, प्यालो.

गोड. साधं, थंड, गोड पाणी.

मी मागे वळलो तर चौघंही उष्ट्या हातानं उभे. एकामागून एक सगळे प्याले. वरूड, ज्याच्या गावात खारं पाणी नाही, तोही पोहरा दोन्ही हातांनी धरून प्याला. दर्यापूर म्हणाला, "समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आमी, आमची विहीर खारी. आन हे समुद्राच्या मांडीवर बसून गोड."

काकू म्हणाल्या, "इथं सगळ्यांच्याच विहिरी गोड्या. पण मे महिन्यात पंप जास्त चालला की मचूळ लागते हो."

मचूळ. ना गोडं ना खारं, त्या मधल्या चवीला त्यांच्याकडे शब्द आहे. आमच्याकडे सरळ खारं.

*

हे कसं, ते दुसऱ्या दिवशी नीट समजून घेतलं. आमच्यातला परतवाडा भूगोलाचा मास्तर आहे, त्यानं वाळूत काडीनं काढून दाखवलं.

या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आमच्याकडे सातशे-आठशे. हा पाऊस वाळूत मुरतो. समुद्राचं पाणी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ घेऊन असतं, म्हणून जड. वरून मुरलेलं गोडं पाणी हलकं. ते खाऱ्यात मिसळून जात नाही, त्याच्यावर तरंगत राहतं, मसुरीच्या दाण्याच्या आकाराचं, मधे जाड आणि कडेला पातळ. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडं पाणी असेल तर सपाटीखाली सुमारे चाळीस हात गोडं असतं. आता हाच हिशोब उलटा करा. उपसून पातळी एक हात उतरवली की खालचं खारं चाळीस हात वर यायला बघतं.

रहाटाच्या दिवसांत हे होत नव्हतं. बैल फिरायचा, लोटे भरून यायचे, पन्हळीत रिकामे व्हायचे, पाटानं सुपारीला शिंपण जायचं. जितकं वाडीला लागेल तितकं, आणि बैल दमला की थांबायचं. विहिरीला भरायला वेळ मिळायचा. पंपाला दमणं नाही. आणि आता प्रत्येक घरामागे चार खोल्या, प्रत्येक खोलीत न्हाणीघर, डोक्यावर शॉवर. समुद्रातून आलेला माणूस अंगावरची वाळू जाईपर्यंत त्याखाली उभा राहतो. आम्हीही पहिल्या संध्याकाळी राहिलो होतो.

त्या रात्रीपासून आम्ही पाचजणांनी बादलीनं अंघोळ केली. काकूंना सांगितलं नाही. त्यांच्या लक्षात आलं असावं. सकाळी चहाबरोबर त्यांनी न मागता घावन वाढले.

*

तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे काकूंच्या सासऱ्यांनी शिकवलं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. सप्तमीला सव्वापाच. रोज पाऊण तास पुढं. ज्याला पंचांग वाचता येतं त्याला समुद्राचं घड्याळ वाचता येतं. आमच्या आजोबांनी तिथी पाहून पेरणी केली, पण तिथीचा हा उपयोग आम्ही पहिल्यांदा ऐकला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. ओहोटीत पोहायला जायचं नाही, पाणी आत ओढतं.

हे लिहून ठेवतो, कारण आम्ही धरणाच्या काठची माणसं. धरणाचं पाणी जागच्या जागी असतं. त्याच दुपारी एक गाडी ओल्या वाळूत थेट पाण्यापर्यंत आणलेली पाहिली. चाकं रुतली, भरती चढत आली. पंचवीस-तीस गावकऱ्यांनी दोर लावून ती काढली. गाडीत दोन लहान मुलं होती.

*

सुरूच्या बनात मधे मधे मोकळी जागा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं. वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात. काकूंच्या सासऱ्यांनी त्या पावसाळ्यात पुन्हा रोपं लावली, तेव्हा ते सत्तरीचे होते. गारपिटीनं संत्र्याचा बहर गेला तर पुढच्या मृगाची वाट पाहणारी आमची वरूडची माणसं आठवली. वरूड त्या रोपांपाशी बराच वेळ बसला होता. त्यानं आणि म्हाताऱ्यानं आळ्याची खोली, शेणखत, वाळवी, सगळं बोलून घेतलं.

*

जंजिरा. दिघीहून जंगलजेटीनं आगरदांडा, तिथून राजपुरी, मग शिडाची होडी. तटाला अगदी भिडेपर्यंत दरवाजा दिसत नाही. सगळे तोफा पाहतात, आम्ही तळी पाहायला गेलो. चारही बाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. मालवणच्या सिंधुदुर्गातही तसंच, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. विहिरींना ही नावं देणाऱ्या माणसाची जीभ खाऱ्यानं किती वैतागली असेल! आमच्या खारपाणात एखादी विहीर गोड लागली असती तर आम्हीही तिला असंच लाडाचं नाव दिलं असतं.

*

रात्री वाळूत बसून मी त्यांना दहीहांड्याची गोष्ट सांगितली. चौघांपैकी एकालाच माहीत होती, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. देशभर मिठाचा कायदा मोडायचा होता. पण वऱ्हाडानं काय करावं? समुद्र नाही, मिठागर नाही. तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला सत्याग्रही जमले. माझ्या गावापासून जवळच. त्यांच्यात वीर वामनराव जोशी होते, ब्रिजलाल बियाणी होते. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं खारं पाणी काढलं, कढईत घातलं, खाली जाळ लावला. पाणी आटलं आणि तळाला मीठ उरलं. सरकारचा कायदा मोडला.

ज्या पाण्यानं आमची डाळ शिजली नाही, त्या पाण्यानं हे काम केलं. वऱ्हाडातल्या शाळेत दांडी शिकवतात, दहीहांडा एका ओळीत येतं किंवा येतच नाही. माझं स्पष्ट मत आहे, अकोल्यातल्या प्रत्येक मुलानं एकदा त्या गावी जाऊन विहिरीचं पाणी चाखावं आणि मग दांडीचा धडा वाचावा.

गोष्ट संपली तेव्हा दर्यापूर उठला, पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभा राहिला. बराच वेळ आला नाही.

*

परतीला मेहकरवरून लोणार. वाट वाकडी करून गेलो, कारण आता डोक्यात एवढंच होतं. उल्केनं काळ्या दगडात पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, आत खारं सरोवर. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला रामसर दर्जा मिळाला. वर काठाशी धार: गोड्या पाण्याचा झरा, बारमाही. लोक त्याखाली अंघोळ करतात आणि खाली खाऱ्याकडे बघतात. सरोवराकाठी सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका अंगाचं पाणी गोड, दुसऱ्या अंगाचं खारं मानतात. गोडं कोणाच्या वाट्याचं, यावर आमच्या घरी जाऊन सांगण्यासारखं काही बोलणं झालं नाही.

*

घरी आलो. दुसऱ्याच दिवशी वावरात गेलो. तीन वर्षांपूर्वी भावानं शेततळं खोदलं आहे. पावसाचं पाणी त्यात धरायचं आणि हरभऱ्याला एक-दोन ओलीत द्यायचे, एवढाच खारपाणातला उपाय. शेततळ्याच्या पाळीला लागून असलेल्या जुन्या विहिरीचं पाणी भावानं मला प्यायला दिलं. पावसाळ्यानंतर काही महिने ते बरं लागतं, असं तो सांगत होता. मी मनावर घेतलं नव्हतं. आता मेमध्ये ते पुन्हा खारट, पण पूर्वीइतकं नाही. परतवाड्यानं वाळूत काढलेलं चित्र डोळ्यापुढं आलं. वरचं गोडं पाणी खालच्या खाऱ्यावर बसतं, तिथे तीन हजार मिलिमीटरांचं, इथे सातशेचं. पातळ, पण बसतं.

भावाला म्हटलं, "याले म्हनतात मचूळ."

*

या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळजण कोकणात जाल. अकोल्याहून, अमरावतीहून गाड्या निघतीलच. समुद्राकाठच्या घरी उतराल तेव्हा एक करा: शॉवर बंद ठेवा, बादली मागा. खाली खारं पाणी वाट पाहत असतं, आणि खाऱ्या विहिरीवर जगणं काय असतं हे वऱ्हाडच्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगायला नको.